अस्मिता शोध समिती (भोर-वेल्हे विभाग)

आपण कोण आहोत हे माणसाला आपोआप कळत नाही, ही गोष्ट सर्व धर्मांनी, बहुतेक तत्त्ववेत्त्यांनी आणि अलीकडे काही अनुदान देणाऱ्या संस्थांनी मान्य केलेली आहे. पूर्वी ते कळून घेण्यासाठी घरदार सोडून तपश्चर्या करावी लागे. आता एक कॅमेरा, एक ट्रायपॉड आणि संस्थेचा शिक्का एवढ्यावर भागतं. तपश्चर्येच्या शेवटी काहीच कळलं नाही तर फजिती व्हायची; प्रायोगिक माहितीपटाच्या शेवटी काहीच कळलं नाही तर तो अधिक उंचीचा समजला जातो. प्रगती म्हणतात ती हीच.

पुण्याच्या 'स्वत्व आणि चलचित्र केंद्रा'ने ग्रामीण भागातल्या तरुणांना स्वतःचा शोध लावून देण्याची योजना काढली, तेव्हा भोरच्या हुमा आतारची निवड झाली. भोरच्या बाजारपेठेत 'आतार व्हिडिओ शूटिंग अँड सन्स' नावाचं दुकान आहे, त्या दुकानाची ही मुलगी. (दुकानाचे मालक अन्वर आतार यांना मुलगा नाही. हुमा एकुलती एक. 'अँड सन्स' हे बोर्ड रंगवणाऱ्याने आपण होऊन घातलं, दुकान भारदस्त दिसावं म्हणून. खोडायला पुन्हा रंग लागला असता.)

शाळेत असल्यापासून हुमा अब्बांबरोबर लग्नांना जायची. अब्बांच्या खांद्यावर कॅमेरा आणि हुमाच्या हातात लाइट. भोर आणि वेल्हे या दोन तालुक्यांत गेल्या काही वर्षांत ज्यांची लग्नं झाली, त्यांतल्या निम्म्या जोडप्यांवर तिने प्रकाश टाकलेला आहे. पण लाइट धरणाऱ्याचा चेहरा कोणालाच दिसत नसतो, समोरच्याचे डोळे दिपलेले असतात. त्यामुळे दोन तालुक्यांत तिला ओळखणारं जवळजवळ कोणी नव्हतं. आवाज मात्र घरोघर होता. 'वहिनी, वर बघा', 'मामा, जरा हसा की', 'नवरीकडचे पुढं या, अजून पुढं या.' शेवटी फुलांच्या कमानीत अक्षरं यायची, 'आतार अँड सन्स', आणि व्हिडिओ संपायचा.

हुमाची इच्छा एवढीच होती, की एखाद्या फिल्मच्या शेवटी, सुरुवातीला, मध्ये, कुठेही चालेल, पण एकदा तिचं नाव यावं. हुमा अन्वर आतार. इच्छा काही फार मोठी नव्हती. दोन सेकंदांचं काम होतं.

केंद्राच्या मार्गदर्शिका शेफाली मॅडम यांना तिने आपली कल्पना सांगितली. अब्बांच्या कपाटात लग्नांचं न वापरलेलं चित्रण पडून होतं. त्यात बंद करायला विसरलेल्या कॅमेऱ्याने टिपलेली भिंत होती, भिंतीवर लाइटबरोबर हलणारी एका पोरीची सावली होती आणि तिचा आवाज होता. ते तुकडे घेऊन त्या त्या घरी जायचं, दाखवायचं आणि विचारायचं, मला ओळखता का?

मॅडमनी हे मनापासून ऐकलं आणि कल्पनेत आनंदाचं प्रमाण जास्त असल्याचं मत दिलं.

"यात जखम कुठे आहे?" त्यांनी विचारलं.

हुमाच्या मनगटावर गरम लाइटचा चटका बसल्याची खूण होती, ती तिने दाखवली. मॅडमना तसली नको होती.

"घरी कुठली भाषा बोलता?"

"मराठी."

मॅडम थोडा वेळ थांबल्या, आणखी एखादी आठवते का म्हणून. मग म्हणाल्या, "भोरमध्ये तुला कधी परकं वाटलं?"

"भोरमध्ये नाही. एकदा स्वारगेटला वाटलं होतं. रस्ता ओलांडताना."

"तुझ्या आत फार मोठा संघर्ष आहे, हुमा," मॅडम हळुवारपणे म्हणाल्या. "तुला तो सापडलेला नाही, इतकंच."

हुमा ओशाळली. एवढी मोठी वस्तू आपल्याजवळ असावी आणि आपल्याला सापडू नये, हे काही चांगल्या घरच्या मुलीचं लक्षण नव्हतं. तिने मॅडमनी दिलेलं शीर्षक घेतलं: 'अस्मितेच्या शोधात'. शीर्षकाबरोबर प्रायोगिक माहितीपटाचे नियमही मिळाले. ते पुढीलप्रमाणे:

एक. ट्रायपॉड सोबत न्यावा, पण वापरू नये.

दोन. बोलणाऱ्याचा चेहरा दाखवू नये. कोपर, चप्पल किंवा मागची भिंत चालेल. (चेहरे लग्नाच्या व्हिडिओत दाखवतात.)

तीन. प्रश्न कोणालाही समजावून सांगू नये. प्रश्न समजला की माणूस विचार करून उत्तर देतो, आणि मग सत्य हाती लागत नाही.

चार. शांतता मिळेपर्यंत थांबावं. न मिळाल्यास ती संकलनात करून घेता येते.

पाच. दिग्दर्शिकेने पिवळी ओढणी घेऊन मोकळ्या रस्त्यावर पाठमोरं चालत जावं. (पिवळीच का, असं एका उमेदवाराने विचारलं होतं. तो पुढे उमेदवार राहिला नाही.)

हुमाने विंझरपासून सुरुवात केली. वेल्ह्याच्या रस्त्यावर विंझरच्या अलीकडे एका दगडावर कॅमेरा ठेवला, ट्रायपॉड बाजूला आडवा निजवला आणि पिवळी ओढणी घेऊन ती चालू लागली. थोडं चाललं की परत यायचं, चित्रण बघायचं, पुन्हा चालायचं. ओढणी वाऱ्यावर उडाली पाहिजे होती आणि वारा केंद्राच्या अखत्यारीत नव्हता. वेल्ह्याकडे जाणाऱ्या एसटीतल्या लोकांनी तिला चालताना पाहिलं. तीच एसटी परत आली, तेव्हाही ती तिथेच चालत होती आणि कुठेही पोचलेली नव्हती.

मग ती मुलाखतीसाठी गावात गेली. पिठाच्या गिरणीबाहेर सोनबा नावाचे म्हातारे आपला डबा लावून नंबराची वाट पाहत बसले होते. हुमाने त्यांच्या चपलांवर कॅमेरा रोखला.

आता इथे व्याकरणाचा एक बारीक मुद्दा आहे, तो नीट समजून घेतला पाहिजे, कारण पुढचं सगळं त्याच्यावर उभं आहे. 'अस्मितेच्या शोधात' म्हटलं तर माणूस स्वतःला शोधत असतो. 'अस्मिताच्या शोधात' म्हटलं तर तो एका मुलीला शोधत असतो. फरक एका मात्रेचा. आणि गिरणी चालू होती.

"आजोबा, मी भोरहून अस्मितेच्या शोधात आले आहे," हुमा मोठ्याने म्हणाली.

सोनबा सावरून बसले. "आरं द्येवा. कवापास्नं न्हाई?"

हुमा चकित झाली. इतका थेट प्रश्न तिला केंद्रातही कोणी विचारला नव्हता. "तसं म्हटलं तर लहानपणापासूनच," ती म्हणाली.

"आन् शोध आत्ता घ्येताय? घरच्यांनी काय केलं?"

"वडिलांना यात काही अर्थ वाटत नाही. ते म्हणतात, कामधंद्याचं बघ."

"बाप असंच म्हनतोय," सोनबा म्हणाले. "शेवटची कुठं दिसली हुती?"

हुमाने खोलवर विचार केला. "बहुतेक आरशात," ती म्हणाली.

"म्हंजी घरातनंच गेली." सोनबांनी मान हलवली. गिरणीचा पट्टा फटफटत होता. "येक सांगतो पोरी. अशी गेलेली लवकर सापडत न्हाई. आन् सापडली तरी ती पयल्यावानी ऱ्हात न्हाई."

हुमाच्या अंगावर काटा आला. नियम तीनप्रमाणे तिने काहीही समजावून सांगितलं नाही. पुण्यात मॅडमनी ते चित्रण पाहिलं, म्हणजे चपला पाहिल्या आणि आवाज ऐकला, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. 'ग्रामीण माणसाची अस्तित्वविषयक जाण' असं त्या म्हणाल्या. त्याच दिवशी केंद्राने फिल्मचं पोस्टर तयार करून मोबाईलवर सगळीकडे धाडलं: लांबच लांब रस्ता, पिवळ्या ओढणीतली पाठमोरी मुलगी, वर 'अस्मितेच्या शोधात' आणि खाली केंद्राचा फोन नंबर.

असं पोस्टर पाहून शहाण्या माणसाला जे वाटेल तेच दोन तालुक्यांना वाटलं. ('अस्मितेच्या' या शब्दाबद्दल वेल्ह्यात थोडी चर्चा झाली. पण पुण्याची लोकं असंच लिवत्यात, यावर एकमत झालं.) सोनबांनी विंझरमध्ये आधीच सांगून ठेवलं होतं की पोरगी लहानपणीच गेलेली आहे, बाप दाद देत नाही, आणि आता बहीण बिचारी एकटी कॅमेरा घेऊन हिंडती आहे. लोक हळहळले. नुसतंच हळहळून थांबणारी माणसं ती नव्हेत, म्हणून वेल्ह्यात अस्मिता शोध समिती स्थापन झाली आणि अध्यक्ष म्हणून हनुमंतराव निवडले गेले. हनुमंतराव फार सज्जन माणूस. गावात काहीही स्थापन झालं की त्याचे अध्यक्ष तेच असतात. अध्यक्षांशिवाय कामं होत नाहीत आणि हनुमंतरावांशिवाय अध्यक्ष होत नाहीत.

समितीच्या कामाचा वेग कौतुकास्पद होता. अस्मिता विंझरच्या रस्त्यावर दिसली. मार्गासनीला दिसली. उत्रोलीच्या भातखाचरांच्या बांधावर उभी होती आणि पाण्यात बघत होती. नसरापूरच्या फाट्यावर तिने वडापाव घेतला आणि मिरची परत दिली. पाहणाऱ्यांमध्ये तिच्या वयाबद्दल बारा ते पस्तीस असा किरकोळ मतभेद होता, तो हनुमंतरावांनी सरासरी काढून मिटवला. ती आपल्याच भावकीतली आहे, असं छातीठोकपणे सांगणाऱ्यांचं प्रमाण शंभर टक्के होतं. फक्त प्रत्येकाची भावकी वेगळी होती. एका गोष्टीवर मात्र सर्वांची साक्ष तंतोतंत जुळली: तिची पाठ.

मग भोरकर म्हणाले, पोरगी भोरहून गेली, तेव्हा अस्मिता भोरची. वेल्हेकर म्हणाले, दिसली आमच्या रस्त्यावर, तेव्हा अस्मिता आमची. (वेल्हे तालुक्याचं नाव मध्यंतरी राजगड झालं. एसटीत लोक अजून वेल्ह्याचंच तिकीट मागतात. तालुका दोन्ही नावांना ओ देतो.) तरुण मंडळींनी मोटारसायकलींवर 'आमची अस्मिता' असं लिहून घेतलं. त्याखाली काहींनी 'नाद करायचा न्हाई' असंही लिहून घेतलं. नाद कोणी केला होता हे अजून ठरायचं होतं, पण तयारी असलेली बरी. केंद्रात फोनवर फोन येत होते आणि शेफाली मॅडम ते सगळे ध्वनिमुद्रित करून घेत होत्या. एवढा लोकसहभाग केंद्राच्या इतिहासात कुठल्याच माहितीपटाला मिळाला नव्हता.

हे सगळं ज्या एका व्यक्तीला ठाऊक नव्हतं, ती हुमा. तिला ते वेल्ह्याच्या एसटीत कळलं. शेजारी उत्रोलीच्या रतनबाई मेथीच्या जुड्यांचं गाठोडं घेऊन बसल्या होत्या. बाजाराला निघाल्या होत्या आणि डोळे पुसत होत्या.

"काय झालं मावशी?"

"त्या अस्मिताचं लई वाईट वाटतंय गं," रतनबाई म्हणाल्या. "आईच्या माघारी बापानं घालवली म्हनं. कुठं खाती आसंल, कुठं निजती आसंल. वेल्ह्याचं हनुमंतराव समिती काढून शोधत्यात तिला. म्या सोत्ता बघितली, आमच्या बांधावर. अशीच तुज्यावानी वढनी हुती. हाक मारली तर वळून बी बघितलं न्हाई."

हुमाला तो दिवस आठवला. कुणीतरी 'ये पोरी' म्हणून हाक मारली होती खरी, पण नियम पाचमध्ये वळून बघणं बसत नव्हतं. तिला आधी हसू आलं. मग ते थांबलं. ती रतनबाईंच्या मांडीला मांडी लावून त्याच ओढणीत बसली होती, पण रतनबाईंना काही शंका आली नाही. (हुमा समोरून दिसत होती. अस्मिता सर्वांनी मागून पाहिलेली होती.)

वेल्ह्यात उतरून ती तडक हनुमंतरावांकडे गेली. समितीची बैठक भरलेलीच होती, चहा यायचा होता.

"काका, गैरसमज झालाय," ती म्हणाली. "अस्मिता नावाची कोणी मुलगी हरवलेली नाही. अस्मिता म्हणजे आपली ओळख. आपण कोण, ते."

"आसं व्हय," हनुमंतराव समजुतीने म्हणाले. "मंग तुमी कोन?"

प्रश्न अगदी मुद्द्याचा होता. सगळा माहितीपट त्याच्यासाठीच चालला होता.

"मी हुमा. हुमा अन्वर आतार. भोरची."

बैठकीत शांतता पसरली. नियम चारसाठी हुमा इतके दिवस जिच्या मागे होती ती हीच, पण आता कॅमेरा पिशवीत होता. मागून कोणीतरी हळूच म्हणालं, "आतारांची पोर अस्मिताला कशापायी शोधती?" तो साधा प्रश्न होता. विचारणाऱ्याच्या मनात काही नव्हतं, असं त्याने नंतर सर्वांना सांगितलं. पण प्रश्न वेल्ह्यातून निघून विंझर, नसरापूर करत भोरला पोचला, तेव्हा त्याच्या शेवटचं प्रश्नचिन्ह वाटेत कुठेतरी पडलेलं होतं.

त्यानंतर भोरच्या दुकानासमोर 'आमची अस्मिता'वाल्या काही मोटारसायकली उभ्या राहू लागल्या. पोरं काही करत नव्हती. नुसती बोर्ड वाचत होती. दोन ठरलेल्या लग्नांचे मुहूर्त पुढे गेल्याचे निरोप आले. (नवरा-नवरी तेच, कार्यालय तेच, तारीखही तीच. शूटिंगवाले तेवढे बदलले.) अन्वरभाई दिवसभर दुकानात बसून लाइटच्या काचा पुसत राहिले. हुमाने मॅडमना फोन केला. मॅडमचा आवाज भरून आला. "सापडला बघ तुझा संघर्ष," त्या म्हणाल्या. "मी सांगितलं होतं ना?"

हनुमंतरावांना मात्र वाईट वाटलं. ते मनाने खरोखरच चांगले होते, आणि ही कथा सांगताना ते विसरून चालणार नाही. एका संध्याकाळी ते स्वतः भोरला आले, दुकानात बसले, चहा घेतला आणि त्यांनी तोडगा काढला. तोडगा तर्कशुद्ध होता.

"हे बगा आण्णा," ते अन्वरभाईंना म्हणाले, "लोकांनी रस्त्यानं जी पोर बगितली ती कोन? तुमची हुमा. आन् लोकांनी बगितली कोन? अस्मिता. म्हंजी हिशेबानं अस्मिता हीच. मंग ती हरवलीच कुठं? सापडली आसं जाहीर करू. कार्यालय घिऊ, शाल-नारळ दिऊ, पोरं बी शांत व्हतील. इषय मिटला. फकस्त स्टेजवर नाव सांगायचं न्हाई. नमस्कार करायचा आन् उतरायचं."

"म्हणजे मी अस्मिता म्हणून उभी राहायचं?" हुमाने विचारलं.

"येका दिसाचा प्रश्न हाय पोरी. आख्ख्या तालुक्याचं नाव बदललं, काय बिघडलं कुनाचं?"

हनुमंतराव गेल्यावर हुमा म्हणाली, "अब्बा, तुम्हाला काय वाटतं?"

अन्वरभाईंनी पुसलेली काच पुन्हा पुसली. "मला तिकडं आण्णा म्हणतात," ते म्हणाले. "अन्वर म्हणायला जड जातं लोकांना. लग्नात कुणी हाक मारली, 'आण्णा, हिकडं या', की मी जातो. प्रेमानं म्हणतात. मी कधी काही म्हटलं नाही."

"वाईट वाटत नाही?"

"सवय झाली. आता कुणी अन्वर म्हटलं तर मीच मागं वळून बघतो, कुणाला बोलावतंय म्हणून." ते हसले. हुमाला त्या हसण्याचा राग आला. अब्बांचा नाही, हसण्याचाच. ती उठून आत गेली आणि लहान पोरीसारखी रडली.

सोहळा वेल्ह्यातल्या एका मंगल कार्यालयात झाला. अब्बांबरोबर हुमा तिथे कितीतरी वेळा येऊन गेली होती. स्टेजचा प्लगपॉइंट कुठला जळका आहे हेसुद्धा तिला ठाऊक होतं. स्टेजवर झेंडूच्या माळांत 'अस्मिता सापडली' असा फलक होता. दोन्ही तालुक्यांची माणसं आली होती. सोनबांना पहिल्या रांगेत बसवलं होतं, मूळ साक्षीदार म्हणून. मोटारसायकलवाली पोरं इस्त्रीचे सदरे घालून पाणी वाटत होती. शेफाली मॅडम पुण्याहून खास आल्या होत्या आणि स्टेजसमोर गुडघ्यावर बसून लोकांच्या चपला टिपत होत्या. शेवटच्या रांगेत अन्वरभाई हात जोडल्यासारखे बसले होते.

हनुमंतरावांचं भाषण हृद्य झालं. अस्मिता ही एका घरची नसून सर्वांची आहे, तिच्याकडे वाकड्या नजरेने पाहणाऱ्याची गय केली जाणार नाही, आणि तिच्यासाठी दोन तालुके एक झाले हे आजच्या काळात साधं नाही, असं ते म्हणाले. यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. मग त्यांनी शाल उघडली आणि हुमाला पुढे बोलावलं.

हुमाने नमस्कार केला. तिथे तिने उतरायचं होतं. ती माईकपाशी गेली.

"मी हुमा," ती म्हणाली. "हुमा अन्वर आतार. रस्त्याने चालत होती ती मीच. अस्मिता कुणी नव्हती. तुमच्या लग्नांत लाइट धरायला येते ती मी. याच कार्यालयात किती वेळा आले. मी हरवले नव्हते. मला कुणी विचारलं नव्हतं, एवढंच."

अन्वरभाई मागे उभे राहिलेले तिला दिसले. मग हनुमंतराव धावले. त्यांनी तिच्या खांद्यांवर शाल टाकली, घाईत ती डोक्यावरून आली, आणि माईक हातात घेऊन ते म्हणाले, "पोरगी लई दमल्याली हाय. सोसलंय तिनं. टाळ्या होऊन जाऊ द्या." टाळ्यांचा कडकडाट झाला. लोक मनापासून टाळ्या वाजवत होते. काही बायका रडल्या. 'अस्मिता सुखरूप; धक्क्यामुळे स्वतःचं नाव विसरली' अशी बातमी दुसऱ्या दिवशी सर्वत्र फिरली.

माहितीपट पूर्ण झाला आणि तो फारच गाजला. त्यातला शेवट विशेष वाखाणला गेला: झेंडूच्या माळा, माईकसमोर हलणारे मुलीचे ओठ, आणि पूर्ण शांतता. (कार्यालयात शांतता मिळाली नव्हती, ती संकलनात करून घेतली.) शेवटी अक्षरं आली. संकल्पना आणि दिग्दर्शन शेफाली मॅडमचं. सहभाग: अस्मिता (हुमा). हुमाने फोन करून सांगितलं की माझं नाव कंसातून बाहेर काढा, नाहीतर पूर्ण काढून टाका. केंद्राने यातली दुसरी सूचना तत्काळ मान्य केली.

मोटारसायकलवरची अक्षरं उन्हाने फिकी झाली. मोठी लग्नं अजून दुसरीकडेच जात होती. मात्र एके दिवशी दुकानात फोन वाजला. रतनबाई होत्या, नातीचं लग्न ठरलं होतं.

"बोला, मी आण्णा बोलतोय," अन्वरभाई म्हणाले.

"आण्णा नगं," पलीकडून आवाज आला. "ती पोर पायजे. स्टेजवर बोल्ली ती. आवाज ऐकला आन् वळखली म्या तिला, माज्या लेकाच्या लग्नात 'मावशी, पदर नीट करा' म्हनली हुती. काय बाई नाव सांगितलं तिनं, माज्या जिभंवर बसंना. हुमाच न्हवं? तिला द्या."

अन्वरभाईंनी फोन पुढे केला. हुमाने वही उघडली. मग तिने तारीख लिहून घेतली.

राहिली एक बाब, ती तुमच्याकडची. हुमा माईककडे निघाली तेव्हा, वाचता वाचता, तुमच्याही मनात येऊन गेलं असेल: अगं, घे ना शाल. उतर ना खाली. दिवस कसे आहेत, बाप मागे बसलाय, कशाला नाव सांगायला जातेस? यात संकोच वाटण्यासारखं काही नाही. तुम्ही ते काळजीपोटीच म्हणालात. हनुमंतरावही काळजीपोटीच म्हणाले होते. समितीचं काम अशाच चांगल्या माणसांवर चालतं. सभासद होण्यासाठी अर्ज लागत नाही, वर्गणी नाही. चांगल्या मनाने दुसऱ्याला गप्प बसायला सांगावं लागतं, आणि ते तुमच्याकडून झालेलं आहे. तुम्हाला सभासद करून घेतलं आहे. नाव विचारलेलं नाही. समितीला नावाची गरज पडत नाही.